सर्व्हर डाऊन: अस्मानी की सुलतानी?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. घाई असेल त्यांनी शेवटचं तेवढं वाचलं तरी चालेल. पण मधलं वाचलंत तर पुढच्या वेळी कुणी काउंटरवरून "सर्व्हर डाऊन आहे" म्हणून परत पाठवलं, तर त्याला दोन प्रश्न विचारता येतील.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळचे साडेआठ. दुकानाचं शटर अर्धंच वर गेलेलं आणि खालून वाकून नाना आत आले. चाळीतला उन्हाळ कांदा आता काढायचा की अजून पंधरा दिवस थांबायचं, या घोळात ते सध्या असतात, त्यामुळे उठल्या उठल्या भाव बघतात. फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "अरे, भाव बघायला गेलो तर पानच उघडंना. नुसती फाइल उतरतीये. चार वेळा उतरली. व्हायरस तर नाही ना?"

वेबसाइट आपल्याच भागातल्या एका संस्थेची. नाव घेणार नाही, कारण मला भांडण संस्थेशी करायचं नाही, सवयीशी करायचंय. वेबसाइटवर सभासदाला आपला खातेउतारा बघता येतो आणि वरच्या बाजूला विंचूर उपबाजाराचा कांद्याचा रोजचा भाव असतो. मी नानांच्या फोनवर उतरलेली फाइल उघडली. तिच्यात भाव नव्हता. भाव कुठून आणायचा, कसा मांडायचा, याची कृती होती. म्हणजे प्रोग्राम जसाच्या तसा. वरच्याच काही ओळींत आणखी एका फाइलचं नाव होतं. ती मी माझ्या कॉम्प्युटरवर मागवून पाहिली. तीही उतरली. तिच्यात डेटाबेसचं नाव, युजरचं नाव आणि पासवर्ड.

पासवर्ड इथं लिहीत नाही. पण आपल्याकडे दुकानाच्या नावापुढे एक-दोन-तीन लावून वायफायचा पासवर्ड करतात ना, त्याच जातीचा.

मी तिथंच थांबलो. डेटाबेस उघडला नाही. पण आत काय असणार हे मला माहीत होतं, कारण वडिलांच्या सभासदत्वाचा फॉर्म मीच भरला होता: नाव, मोबाइल, आधार, बँक खातं, गट नंबर, कर्जाची बाकी. या सगळ्याची किल्ली नानांच्या फोनवर चार वेळा उतरली होती. नानांनी काहीही केलं नव्हतं. त्यांनी फक्त भाव बघितला होता.

दुपारपर्यंत तीनपाटीवर चर्चा सुरू झाली की वेबसाइट हॅक झाली. चीन, पाकिस्तान, सगळं झालं. खरं कारण फार साधं होतं आणि म्हणूनच जास्त चीड आणणारं.

वेब सर्व्हर म्हणजे मुळात एक प्रोग्राम. आपल्या संस्थेच्या मशीनवर अपाचे नावाचा आहे. १९९५ पासून जगभर चालतोय, फुकट मिळतो. त्याचं काम बाजार समितीच्या गेटवर बसलेल्या माणसासारखं आहे. कुणी फोटो मागितला, फोटो काढून दिला. कुणी अहवाल मागितला, अहवाल दिला. जे जसं ठेवलंय तसं द्यायचं. पण कांद्याचा भाव रोज बदलतो आणि खातेउतारा प्रत्येकाचा वेगळा. अशी पानं आधी लिहून ठेवता येत नाहीत, मागितल्यावर तयार करावी लागतात. त्यासाठी पीएचपीसारख्या भाषेत सूचना लिहिलेल्या असतात. (रॅस्मस लेर्डॉर्फ नावाच्या माणसानं १९९५ मध्ये ही भाषा बाहेर आणली ती स्वतःच्या वैयक्तिक पानासाठी केलेली अवजारं म्हणून. नावच मुळी 'पर्सनल होम पेज'. आज विकिपीडिया त्याच भाषेवर चालतो, २००३ पासून असलेला आपला मराठी विकिपीडियासुद्धा.)

आता गेटवरच्या माणसाला ही भाषा येत नाही. त्याला सांगून ठेवावं लागतं: बाबा रे, ज्या चिठ्ठीच्या शेवटी पीएचपी लिहिलंय, ती बाहेर देऊ नको. आत मुनीमजींकडे दे. मुनीमजी वाचतील, वहीतून आकडा काढतील, कोऱ्या कागदावर लिहितील. तो कागद बाहेर दे. हे 'सांगून ठेवणं' म्हणजेच कॉन्फिगरेशन. दोन-तीन ओळींचं असतं. त्या ओळी नसल्या, तर गेटवरचा माणूस प्रामाणिकपणे मूळ चिठ्ठीच बाहेर देतो. आणि चिठ्ठीत लिहिलेलं असतं की तिजोरीची किल्ली फडताळात डाव्या हाताला आहे.

आपल्याकडे नेमकं हेच झालं. ठेकेदाराच्या माणसानं मशीन अपग्रेड केलं. जुनी पीएचपी निघून गेली, नवी अपाचेला जोडायची राहिली. पुढं काय होतंय हे बघायलासुद्धा तो थांबला नाही. वर आणखी एक कहर नंतर कळला: ठेकेदाराची पोरं त्यांच्या ऑफिसातून काम करायची, म्हणून डेटाबेसचं दारही बाहेरच्यांसाठी उघडंच ठेवलेलं. म्हणजे किल्लीही बाहेर आणि दारही उघडं.

चूक कुणाची होत नाही? ज्या फेसबुकवर तुम्ही हे वाचताय ते मूळ पीएचपीतच लिहिलेलं. ऑगस्ट २००७ मध्ये त्यांच्याही मुख्य पानाचा प्रोग्राम असाच उघडा पडला होता. कारण काय, तर एक सर्व्हर चुकीचा कॉन्फिगर झाला होता. एवढी मोठी कंपनी, तिथंही झालं. पण त्यांनी ते लगेच दुरुस्त केलं, कारण त्यांच्या सर्व्हरची किल्ली त्यांच्याच खिशात होती. आपल्याला किती दिवस लागले, ऐका.

पहिल्या दिवशी मी सचिवांना फोन केला. बिचारे लगेच आले. मी म्हटलं, आधी मशीन बंद करू, मग दुरुस्तीचं बघू. ते म्हणाले, "पासवर्ड ठेकेदाराकडे." ठेकेदाराचा फोन बंद. जिथून मशीन भाड्यानं घेतलंय त्या कंपनीला फोन लावला, तर ते म्हणाले की आम्ही फक्त खातेदाराशी बोलतो. खातेदार कोण? ठेकेदार. पैसे संस्थेचे, पावती संस्थेची, खातं मात्र त्याचं. बरं, निदान वेबसाइटचं नाव, डोमेन म्हणतात ते, तरी दुसरीकडे वळवावं, तर डोमेनही त्याच्याच नावावर. सात-बारा दुसऱ्याच्या नावावर आणि आपण वर्षानुवर्षं पाणी भरतोय, तसला प्रकार.

दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसला माणूस पाठवला. ऑफिसच्या जागी आता मोबाइल ॲक्सेसरीजचं दुकान आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ठेकेदाराचा भाचा सापडला, त्यानं वहीतून पासवर्ड वाचून दाखवला. या तीन दिवसांत ती फाइल, कुणीही मागितली की उतरत होती. आम्ही चौघं-पाच जण हातावर हात ठेवून बघत होतो.

आणि दुरुस्तीला किती वेळ लागला? पंधरा मिनिटं. नवी पीएचपी अपाचेला जोडली, सर्व्हर पुन्हा सुरू केला, पान आलं. नंतरचा तासभर पासवर्ड बदलणं, डेटाबेसचं बाहेरचं दार बंद करणं आणि पासवर्डची फाइल गेटवरच्या माणसाचा हात पोचणार नाही अशा फोल्डरमध्ये हलवणं यात गेला. मी काही मोठा इंजिनिअर नाही. प्रिंटर दुरुस्त करतो, ऑनलाइन फॉर्म भरून देतो. हे मी दुकानातल्या एका जुन्या डबड्यावर लिनक्स टाकून, रात्री जागून, चुका करत शिकलोय. आपल्या गावातल्या बीसीए झालेल्या पोरांना हे माझ्याहून चांगलं येतं. त्यांना कुणी बोलवत नाही एवढंच.

मग मी लॉग बघायला गेलो. कोण आलं, कधी आलं, काय नेलं, याची नोंद सर्व्हर ठेवतो. नोंद होती फक्त चौदा दिवसांची. मशीन आलं तेव्हा जी मुदत होती तीच कुणी बदलली नव्हती. आणि बिघाड त्याच्या आधीपासूनचा होता, कारण चौदा दिवसांतल्या पहिल्या नोंदीतही फाइल अशीच बाहेर गेलेली दिसत होती. त्यामुळे आमची माहिती कुणी नेली का, किती जणांची नेली, या प्रश्नाचं उत्तर आज कुणाकडेच नाही. सीईआरटी-इन या केंद्राच्या यंत्रणेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे: लॉग १८० दिवस जपायचे आणि असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं. आमच्या सहा तासांत आम्ही ठेकेदाराला तेरावा फोन लावत होतो.

पुढचं बोललो नाही तर ही पोस्ट लिहिण्यात अर्थ नाही. सभासदांना हे अजून कळवलेलं नाही. एक संचालक मला म्हणाले, "झालं ना दुरुस्त? मग कशाला बोभाटा?" मला त्यांचा राग येत नाही, त्यांना खरंच वाटतं की झाकलेलं बरं. पण ज्याचा आधार आणि खाते नंबर बाहेर गेला असू शकतो, त्याला उद्या बँकेच्या नावानं गोड आवाजात फोन आला, तर त्याला सावध कोण करणार? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर ज्याची माहिती फुटली त्याला कळवायची तरतूदच आहे. कायदा बाजूला ठेवा. गोठ्याचं दार रात्री उघडं राहिलं होतं हे शेजाऱ्याला सांगतो की नाही आपण? (ही पोस्ट टाकणार हे सचिवांना सांगून टाकतोय. ते म्हणाले, नाव घेऊ नको, बाकी लिही.)

या निमित्तानं त्या मशीनमध्ये बसलो तेव्हा आणखी काही गोष्टी सापडल्या. एकही हॅकिंग नाही, सगळी 'सांगून न ठेवलेली' कामं.

लिलाव सकाळी दहाला सुरू झाला की भाव चढवला जायचा आणि वेबसाइटवर वेळ दिसायची पहाटे साडेचार. नाना दोन वर्षं म्हणत होते की हे लोक शिळा भाव टाकतात. भाव ताजाच होता. पीएचपीला तुम्ही कुठं राहता हे सांगितलं नाही, तर ती जागतिक वेळ धरते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढं. एका ओळीत भारतीय वेळ सांगावी लागते. दोन वर्षं ती ओळ कुणी लिहिली नाही आणि संस्थेवर खोटेपणाचा आळ मात्र आला.

जुन्या सभासदांच्या यादीत कित्येक नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. ही माय-एसक्यूएल या डेटाबेसची जुनी खोड. २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत त्याची मुळातली लिपी युरोपातल्या भाषांपुरती होती. मराठी येणार आहे हे आधी सांगितलं नाही, तर देवनागरीचं प्रश्नचिन्ह होतं, आणि एकदा झालं की परत अक्षर होत नाही. जन्मभर वर्गणी भरलेल्या माणसाचं नाव प्रश्नचिन्हांत गेलं. ती नावं आता कागदी रजिस्टर बघून पुन्हा भरायची आहेत. मी म्हटलंय, दोन पोरं द्या, आठवड्यात करून देतो.

तिसरं म्हणजे फोटो. अर्जासोबत पासबुकाचा फोटो जोडायचा तर "एरर" यायचा. पीएचपी मुळात दोन एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, आणि आजच्या साध्या मोबाइलचा फोटोही तीन-चार एमबीचा निघतो. मर्यादा वाढवणं म्हणजे एक आकडा बदलणं. तो बदलेपर्यंत लोक माझ्या दुकानात येऊन वीस रुपये देऊन फोटो लहान करून घेत होते. माझा धंदा बुडाला, हे इथं जाहीर करतो.

आणि आता तो मुख्य शब्द, सर्व्हर डाऊन. विम्याची शेवटची तारीख असो, शिष्यवृत्तीचा फॉर्म असो, निकालाचा दिवस असो, हे दोन शब्द ऐकले की आपण मुकाट्यानं मागं फिरतो. जणू गारपीट झाली. निफाड तालुक्यात राहणाऱ्याला गारपीट म्हणजे काय ते सांगायला नको. तिथं आभाळाकडं बघण्याशिवाय काही हातात नसतं. सर्व्हरचं तसं नाही हो. मघाच्या मुनीमजींचंच घ्या. पीएचपी चालवण्याची आजची जी प्रचलित पद्धत आहे, तिच्यात एका वेळी किती मुनीम बसवायचे हा आकडा ठरवता येतो. डेबियन आणि उबुंटू या लिनक्समध्ये तो मुळात पाच असतो. पाच माणसं आत, सहावा रांगेत. रोजच्या दिवशी पाच पुष्कळ झाले. शेवटच्या तारखेला हजारजण आले की रांग गेटबाहेर जाते, वेळ संपते, आणि समोरच्याला कोरं पान दिसतं. मशीनमध्ये मेमरी असेल तर पाचाचे तीस करता येतात. नसेल तर त्या आठवड्यापुरतं मोठं मशीन भाड्यानं घेता येतं. सुगीत आपण मजूर वाढवतोच की. तारीख सहा महिने आधी माहीत असते. ती गर्दी अचानक आलेली नसते.

म्हणून यापुढं कुणी "सर्व्हर डाऊन" म्हणालं तर नम्रपणे विचारा: डाऊन कशामुळं आहे, आणि चालू करायची किल्ली कुणाकडे आहे? काउंटरवरच्या पोरावर ओरडू नका, त्याच्या हातात काही नसतं. प्रश्न वर जाऊ द्या.

काही जण म्हणतील, कशाला हवी ती वेबसाइट, भाव तर व्हॉट्सॲपवर येतोच. खरंय, मीही तिथंच बघतो. पण खातेउतारा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार का? आणि पाच वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधला भाव त्या गुड मॉर्निंगच्या ढिगाऱ्यातून कोण उकरणार? दुसरे म्हणतील, सर्व्हर गावातच ठेवू. तर तेही नको. लाइट जाते, इन्व्हर्टर बसतो, उंदीर वायर खातात. मशीन मुंबईत असो की सिंगापुरात, भाड्यानंच घ्यावं. लहान संस्थेनं तर स्वतः मशीन सांभाळण्यापेक्षा देखभालीसकटचं होस्टिंग घेतलेलं बरं. माझा आग्रह मशीन कुठं आहे याबद्दल नाहीच.

आग्रह एवढाच आहे की डोमेन आणि होस्टिंगचं खातं संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर हवं. सर्व्हरला काय काय 'सांगून ठेवलंय' ते मराठीत एका कागदावर लिहून, पासवर्डसकट, सीलबंद पाकिटात तिजोरीत हवं. पीएचपीची कुठली आवृत्ती आहे आणि तिची सुरक्षा दुरुस्ती कधी संपते, हे त्या कागदावर हवं. (७.४ ची नोव्हेंबर २०२२ मध्येच संपली. आमचं मशीन गेल्या महिन्यापर्यंत त्यावरच होतं.) लॉग १८० दिवसांचे हवेत. आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल तेव्हाच निघावं, जेव्हा दुसरा कुणीतरी तो कागद बघून, बॅकअप घेऊन, रिकाम्या मशीनवर वेबसाइट उभी करून दाखवील. अर्ध्या दिवसाचं काम आहे. विहिरीचं बिल पाणी बघून देतो, मग इथंच आपण एवढे उदार का होतो?

संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होईल. हा विषय मी ऐनवेळच्या विषयांत मांडणार नाही, कारण तोपर्यंत निम्मी सभा भज्यांकडं गेलेली असते. लेखी ठराव आधीच देतोय. त्यात दोनच मुद्दे आहेत: वरच्या अटी पुढच्या करारात घालाव्यात, आणि झालेला प्रकार प्रत्येक सभासदाला पत्रानं कळवावा. सूचक म्हणून वडिलांनी सही केली आहे. अनुमोदक म्हणून नाना तयार आहेत, पण ते म्हणाले, "मला त्यातलं काय कळतं, एखादा शिकलेला बघ." मी म्हटलं, नाना, फाइल तुमच्याच फोनवर उतरली होती, तुम्हीच पाहिजेत. सही उद्या करतो म्हणालेत. आणखी ज्यांना सही करायची आहे त्यांनी रविवारी दुपारी दुकानात या. त्या जुन्या डबड्यावर अपाचेला पीएचपी कशी जोडतात ते कुणा पोरापोरींना बघायचं असेल तर तेही त्याच वेळी दाखवीन, चहा माझ्याकडून.